पट, गडी आणि कच्चा लिंबू : जुन्नर-आंबेगाव परिसरातील सामूहिक खेळांच्या इतिहासाविषयी

१

खेळांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा खेळणी मोजत बसतो. कोणत्या उत्खननात फासे मिळाले, कोणत्या संस्थानात गंजिफा रंगवल्या जात, असा आपला क्रम असतो. मोबाइलवरील खेळांविषयीची चर्चाही याच वळणाने जाते. फक्त फाशांच्या जागी हँडसेट येतो आणि संस्थानाच्या जागी कंपनी. परंतु अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात वस्तू ही निम्मीच गोष्ट असते. पटाभोवती कोण बसले, कोणाला बसू दिले नाही, तंटा झाला तेव्हा तो कोणी तोडला आणि लहानग्याला कोणत्या अटीवर डावात घेतले, ही उरलेली निम्मी. प्रस्तुत लेख या दुसऱ्या निम्म्याविषयी आहे.

त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके निवडण्याचे कारण साधे आहे. खडकात कोरलेला पट आणि तळहातावरचा पडदा, ही सामूहिक खेळाची दोन टोके येथे एकाच मुलखात पाहावयास मिळतात. सकाळी नाणेघाटात खडकावरच्या रेघा पाहून निघालेला माणूस दुपारी नारायणगावच्या बाजारात पोचला, तर तेथे वाहनांच्या सावलीत मोबाइलवर लुडो खेळणारे चालक त्याला दिसू शकतात. या दोन दृश्यांत काय टिकले आणि काय हरवले, हा आपला प्रश्न आहे.

२

नाणेघाट साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असतो तो मुख्यतः नागनिकेच्या शिलालेखामुळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सातवाहनांच्या यज्ञांची आणि दानांची यादी देतो. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासातही त्याला मोठे स्थान आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा तेथे कोरल्या होत्या. आज त्यांची नावे आणि अवशेष तेवढे उरले आहेत. पण ज्या घाटाच्या माथ्यावर हे लेणे आहे तो घाट राजांपेक्षा व्यापाऱ्यांचा होता. कल्याण, सोपारा या बंदरांतून आलेला माल येथून वर चढे आणि जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते.

जकात म्हटली की खोळंबा आला, आणि खोळंब्याबरोबर खेळ. नाणेघाटाच्या परिसरात खडकावर कोरलेले पट आढळतात. त्यांत नवकांकरी आहे, वाघ-बकरी आहे, खळग्यांत बिया पेरत जाण्याचा आणि जगभर मंकाला या नावाने ओळखला जाणारा खेळही आहे. असे पट केवळ आपल्याकडेच आहेत असे नव्हे. रोममधील बॅसिलिका ज्युलिया या न्यायालयाच्या पायऱ्यांवरही खेळाच्या आकृत्या खोदलेल्या आहेत. खटल्याचा पुकारा होईपर्यंत माणसांना वेळ काढायचा होता. दगडावरच्या रेघेवर तारीख कोरलेली नसते. ती सातवाहनकालीन सार्थवाहाने ओढली की मराठेशाहीतल्या एखाद्या चौकीदाराने, हे रेघ पाहून ठरत नाही. जागा मात्र बोलते. हे पट देवळाच्या गाभाऱ्यात किंवा राजवाड्यात नसून माणसे अडकून पडतात अशा ठिकाणी आहेत.

या पटांचे सामाजिक वैशिष्ट्य असे, की ते कोणाच्याच मालकीचे नव्हते. सोंगट्या म्हणून खडे, बिया, काटक्या चालत. येणारा परका असला तरी रेघा पाहून खेळ ओळखू शके; भाषा वेगळी असली तरी अडत नसे. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतील दानलेखांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. इरिल, चिट, चंद अशी नावे धारण करणारे यवन दातेही आहेत. इतक्या तऱ्हेच्या लोकांची ये-जा असलेल्या वाटेवर, सर्वांना वाचता येईल असा मजकूर म्हणून पटाकडे पाहता येते. अर्थात सर्वांना वाचता येत असला, तरी सर्वांना त्याच्यापाशी बसता येत होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. घाटात बसून खेळणारा बहुधा पुरुष असे. आणि आपल्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे याचे नियम पटाच्या नियमांहून कडक होते.

३

खडकावरचा पट जागचा हलत नाही. पण हातात मावणारा, ओच्यातून नेता येणारा खेळही आपल्याकडे तितकाच जुना आहे. सागरगोटे हे त्याचे ठळक उदाहरण. मुठीत मावणाऱ्या पाच-सात बिया आणि दोन मुली एवढे जमले की ओटीवर डाव सुरू होई. सारीपाटाचे कापड गुंडाळून काखेत मारता येई, कवड्या चंचीत राहत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची एकशेवीस पाने एका लहान पेटीत बसत. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपटही घडी घालून नेता येण्याजोगाच. सामूहिक खेळाला ‘हातातले साधन’ मोबाइलने प्रथम दिले, ही समजूत म्हणूनच दुरुस्त करावी लागेल.

या खेळांबरोबर मराठीने एक संपन्न शब्दसंग्रह घडवला. गडी, सवंगडी, भिडू, डाव, राज्य, पाळी, रडी. ‘गडी’ म्हणजे सोबती, आणि ‘गडी’ म्हणजे राबणारा माणूसही. ‘राज्य’ आले की ते सुखाचे नसते. ज्याच्यावर राज्य, त्याला सर्वांच्या मागे धावावे लागते. हे शब्द संतांनाही जवळचे वाटले. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, फुगडी अशा खेळांवरचे अभंग आहेत, आणि नाथांच्या भारुडांतही फुगडी-हमामा आहेत. तुकोबांचे गुरू म्हणून मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी याच जुन्नर तालुक्यात, ओतूर येथे आहे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. परमार्थ सांगण्यासाठी संतांनी खेळाची भाषा निवडली, त्यामागे खेळात समता असते हे कारण असावे. डाव चालू असेपर्यंत पाटलाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा दोघांनाही बाद व्हावे लागते. निदान तशी अपेक्षा असते.

या शब्दसंग्रहातील दोन कल्पना पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘कच्चा लिंबू’. वयाने लहान किंवा खेळात कमी असलेल्या मुलाला डावात घ्यायचे, धावू द्यायचे, पण तो बाद झाला तरी धरायचे नाही. नियम मोडून माणूस सांभाळायचा हा मार्ग कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता. तो गटाने, त्या दिवसापुरता, सर्वानुमते ठरवायचा असे. दुसरी कल्पना ‘रडी’ची. रडीचा डाव खडी, असे म्हणून मुले ज्याला बजावत तो रडी खाणारा गडी खेळाला नकोसा असला, तरी त्याच्यामुळेच नियमांवर वाद होई. रेघेवर पाय पडला की नाही, यावर खेळ थांबे, साक्षी काढल्या जात, तडजोड होई. अंगणातल्या खेळाचा मोठा भाग प्रत्यक्षात या भांडणातच जाई. योहान हुइझिंगा याने १९३८ च्या आपल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला संस्कृतीचे मूळ मानले. आपल्या अनुभवाच्या भाषेत सांगायचे, तर पंचायतीचे पहिले धडे मुले लगोरीच्या रिंगणात गिरवत.

४

आता वर्तमानाकडे वळू. हातातल्या विजेच्या खेळांना एकमेकांशी जोडण्याची कल्पना मोबाइलपूर्वीची आहे. जपानी निन्टेंडो कंपनीच्या १९८९ मधील गेम बॉयला दोन यंत्रे तारेने जोडण्याची सोय होती. नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ मध्ये ‘स्नेक’ आला. अवरक्त किरणांच्या साहाय्याने तो दोघांना मिळून खेळता येई. आपल्या खेड्यांत मात्र ही सोय वापरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यासाठी दोन फोन लागतात. २००३ मध्ये आलेला, टॉर्चवाला नोकिया ११०० घरात एकच असे आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असे. त्यामुळे एकट्याने खेळायचा ‘स्नेक’ येथे आपोआप सामूहिक झाला. एक खेळे, तिघे-चौघे खांद्यावरून पाहत, साप भिंतीवर आपटला की पाळी बदले. कंपनीने एकासाठी केलेल्या खेळाला गावाने ‘पाळी’चा जुना नियम लावला.

पुढचा टप्पा ५ सप्टेंबर २०१६ नंतरचा. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ हा खेळ आला. त्याचे पूर्वज उघड आहेत. भारतीय पचिसीवरून इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो तयार झाला, तोच फिरून आपल्या हातात आला. या खेळात दूरच्या माणसाशी खेळता येते, तसेच एकच फोन मध्ये ठेवून चौघांना आळीपाळीने बोट लावता येते. दुसरा प्रकार आमच्या भागात लवकर रुजला यात नवल नाही. बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा लिलाव लागेपर्यंत, साखर कारखान्यावर उसाची गाडी रिकामी होईपर्यंत, एस.टी. येईपर्यंत खोळंबलेली माणसे एका फोनवर वाकून बसतात. नाणेघाटातील जकातीच्या खोळंब्याशी असलेले हे साम्य वरवरचे नाही. काम आणि काम यांच्यामधला मोकळा वेळ ज्याच्या हाती येतो तो पट शोधतो.

मार्च २०१८ मध्ये आलेल्या ‘पबजी मोबाइल’ने चित्र बदलले. एका बेटावर शंभर जण उतरतात आणि अखेरीस एक जण किंवा एक तुकडी उरते. चौघांची तुकडी करून, कानातल्या यंत्रातून एकमेकांशी बोलत खेळण्याची सोय त्यात होती. येथे प्रत्येकाला स्वतःचा फोन लागतो. तरीही गावांतली मुले आपापल्या घरी बसून खेळली नाहीत. ती मंदिराच्या पायरीवर, बंद दुकानाच्या फळीवर, पारावर एकत्र बसली. समोरासमोर असूनही चौघांच्या माना खाली. ज्याच्या फोनला रेंज चांगली त्याचा हॉटस्पॉट बाकीच्यांनी वापरायचा. गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवतात तसाच हा प्रकार, फक्त शिदोरी डेटाची. जखमी साथीदाराला उठवायला जायचे की स्वतः वाचायचे, यावर होणारे वाद ऐकले तर मैत्री म्हणजे काय याचा जुनाच वाद नव्या शब्दांत चालू आहे, हे मराठीच्या शिक्षकाच्या सहज लक्षात येते. ‘भिडू’ हा शब्द मागे पडून ‘टीममेट’ आला असला, तरी भिडूचे कर्तव्य तेच राहिले आहे.

मुले अंगणातून फोनकडे का गेली, याचे उत्तर देताना या परिसराचे एक खास कारण नोंदवले पाहिजे. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांनी येथील शेतीचे रूप पालटले. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसात बिबट्या राहू लागला. २००१ पासूनच्या काही वर्षांत जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या हल्ल्यांची मोठी लाट आली. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झाले. हल्ल्यांचे सत्र पुढेही थांबलेले नाही. उसाच्या कडेला घर असलेल्या आईने दिवेलागणीनंतर मुलाला बाहेर लपंडाव खेळू द्यावा, असे कोण म्हणेल? शहरातील विचारवंत मैदान ओस पडल्याबद्दल फोनला दोष देतात. आमच्याकडे संध्याकाळचे अंगण बऱ्याच ठिकाणी फोनच्या आधीच ओस पडले होते. बिबट्याला येथील जुनी माणसे वाघच म्हणतात. नाणेघाटातल्या वाघ-बकरीच्या पटावर वाघ मोजके आणि बकऱ्या पुष्कळ असतात. बकऱ्या जिंकतात त्या एकमेकींना धरून राहिल्या आणि वाघाची वाट कोंडली, तरच. ज्यांनी हा पट आखला त्यांनाही वाघाचे भय पुस्तकातून कळलेले नसणार.

५

मग हरवले काय? माणसे एकत्र बसायची थांबली, हा नेहमीचा आक्षेप निदान या परिसरापुरता खरा दिसत नाही. माझ्या मते हरवला तो नियमांवरचा हक्क.

फोनवरच्या खेळात रेघेवर पाय पडला की नाही, हा वाद संभवत नाही. यंत्राने बाद म्हटले की बाद. रडी खाण्याची सोय गेली, तिच्याबरोबर रडी खाणाऱ्याला समजावण्याची गरजही गेली. कच्च्या लिंबाचे काय झाले, हे तर अधिक विचार करण्याजोगे आहे. पबजीसारख्या खेळात नवख्या खेळाडूसमोर पुष्कळदा खऱ्या माणसांऐवजी संगणकाने चालवलेली बाहुली सोडली जातात, म्हणजे तो सहज जिंकतो आणि खेळाला चिकटतो. हाही कच्चा लिंबूच. पण अंगणातल्या कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत हे माहीत असे आणि मोठ्यांनी आपल्याला सांभाळून घेतले आहे हेही माहीत असे. येथे त्याला ते कळू दिले जात नाही. गटाच्या मायेतून निघालेला अपवाद कंपनीच्या हिशेबात जाऊन बसला.

नियम कोणाचे, हा प्रश्न देशपातळीवरही याच काळात उभा राहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ११८ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला. त्यात पैशांवरचे खेळ निषिद्ध ठरवून ई-स्पोर्ट्स आणि ‘सामाजिक खेळ’ वेगळे काढले आहेत. द्यूतसभेची कथा ज्या समाजाच्या स्मरणात आहे त्याला पैशांवरच्या खेळाचे भय समजावून सांगावे लागू नये. तरीही कायद्याने खेळाला ‘सामाजिक’ म्हणावे ते पैसे नाहीत एवढ्यावरून, हे अपुरे वाटते. ज्या खेळात खेळणाऱ्यांना एकही नियम आपसांत ठरवता येत नाही, तो कितपत सामाजिक?

या प्रश्नाचे एक उत्तर मुलांनीच शोधले आहे. या खेळांत स्वतंत्र ‘रूम’ तयार करून केवळ ओळखीच्यांना बोलावता येते. तेथे गावातली मुले आपले नियम लावतात. एकच बंदूक वापरायची, गाडी घ्यायची नाही, अमक्या ठिकाणी लपून बसायचे नाही. यांतले सगळेच नियम यंत्र पाळून घेत नाही. काही मुलांच्या शब्दावर चालतात. साहजिकच ते मोडले जातात, आणि मग पारावर पूर्वीसारखेच भांडण होते, साक्षी निघतात, एखाद्याला दोन दिवस खेळात घेतले जात नाही. हे भांडण ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते फोनचे दुष्परिणाम वाटतात. मला त्यात अंगणाचा जुना हक्क परत मिळवण्याची धडपड दिसते.

मात्र या रूममध्ये, या पारावर, मुली नाहीत. सागरगोट्यांचा डाव मुलींचा होता, त्याला मालक नव्हता, बिया झाडाखाली मिळत. फोनला मालक असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. म्हणजे निम्म्याच्या आसपास स्त्रियांच्या हातात साधनच नव्हते; आणि ज्यांच्या हातात होते त्यांना पारावर बसून चार जणांत ओरडत खेळता येते असेही नाही. महाविद्यालयातल्या मुली लुडो खेळतात, तो बहुधा घरात, बहिणीशी किंवा आईशी. तालुक्याच्या पश्चिमेकडील, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांत तर आधी रेंज शोधत टेकडीवर जावे लागते. खडकावरच्या पटाशी कोण बसू शकत नव्हते, हा प्रश्न आपण इतिहासाला विचारला. तोच आजच्या पटालाही विचारणे भाग आहे.

६

मराठीच्या अभ्यासकांना या विषयात काय काम आहे, अशी शंका कोणी घेईल. आपण जात्यावरच्या ओव्या वेचल्या, तेव्हा जाते घरोघरी बंद पडत आले होते. भोंडल्याची गाणी छापली, तेव्हा अंगणे आटत होती. आपला संग्रह नेहमीच उशिरा सुरू होतो. पारावर बसलेली मुले आज जी भाषा बोलत आहेत ती हिंदी, इंग्रजी आणि खास जुन्नरी मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली खेळाची भाषा आहे. तिच्यात हुकूम आहेत, शिव्या आहेत, विनवण्या आहेत, आणि पडलेल्या गड्याला धीर देण्याच्या तऱ्हा आहेत. एखादा खेळ बंदीने किंवा कंपनीच्या निर्णयाने एका रात्रीत नाहीसा होतो, हे २०२० मध्ये आपण पाहिले आहे. दगडावरच्या रेघा दोन हजार वर्षे टिकू शकतात. सर्व्हर बंद झाला की रेघही उरत नाही. त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या बोलण्याव्यतिरिक्त दुसरा पुरावा नसेल. तेव्हा पुढच्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याने, आणि शक्यतो विद्यार्थिनीने, प्रबंधासाठी विषय विचारला, तर त्याला किंवा तिला वही घेऊन पारावर, आणि मग माजघरातही, पाठवायला हरकत नाही.